सतरावा हात

परभणी जिल्ह्यात काय काय बघितलं, असं आमच्या तालमीतले लोक मला विचारतात. देऊळ बघितलं का, बाजारपेठ बघितली का. मी फारसं काही बघितलं नाही. सहा दिवस गंगाखेडला होतो, मधे एकदा सोनपेठच्या बाजाराला गेलो, आणि कानावर दोन काठ्या खाऊन परत आलो. त्याचंच लिहितो. मी चौथी पास आहे, तीसुद्धा मास्तरांनी ढकलला म्हणून. लिहिण्यात चुकलं असेल ते वाचणाऱ्यानं नीट करून घ्यावं.

मी बार्शीकडचा. बिनोट शिकवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिनोट म्हणजे हातभर काठीची विद्या. ताकद लागत नाही, मनगट लागतं. चाळीस वर्षं हेच केलं. शेती भावानं बघितली आणि मला बायकोनं बघितलं.

ती आषाढात वारली. तिच्यामागं मी काठी खुंटीला लावली ती लावलीच. पोरं तालमीत येऊन बसायची आणि मी दाराआड पडून राहायचो. संक्रांतीच्या तोंडावर गंगाखेडहून पत्र आलं. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं, पण बोलणं सालेहचंच. "भानू, भाभीचं कळालं. माझा हात कापायलाय. या साली जोड देऊन टाकू. न्हाई आलास तर दोघांच्या मयतीसंगं तो बी जाईल."

सालेह चाऊस माझा गुरुबंधू. त्याचा आजा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आला. बाप परांड्याच्या किल्ल्यावर पहारेकरी होता, आणि आमचे उस्तादही परांड्याचेच. मी इंग्रजांच्या बार्शीकडून निजामाची हद्द ओलांडून शिकायला जायचो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई माझ्या काठ्या मोजून घ्यायचे.

आता जोड काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उस्तादांचा अखेरचा डाव बावीस हातांचा, म्हणजे बावीस फटक्यांचा, तोच जोड. मरायच्या आधी त्यांनी तो दोघांत वाटला. मारायची बाजू सालेहला दिली, घ्यायची, म्हणजे अडवायची, मला. एकाची बाजू दुसऱ्यानं शिकायची नाही, तिसऱ्याला दाखवायची नाही, आणि द्यायची वेळ आली की दोघांनी मिळून दोन चेल्यांना द्यायची, अशी शपथ घेतली. "तुम्ही दोघं भांडखोर," उस्ताद म्हणाले. "अर्धा अर्धा दिला म्हणजे वर्षातनं एकदा तरी एकमेकाचं तोंड बघाल."

आणखी एक रीत आहे. मारणाऱ्यानं प्रत्येक हाताआधी आकडा पुकारायचा, आणि तो हात ज्यानं बसवला त्याचं नाव घ्यायचं. पहिला सय्यदचा. पाचवा भिस्त्याचा, पखाल उचलल्यासारखा खालून येतो. भिस्ती म्हणजे पाणक्या, पण त्याचंही नाव सय्यदाइतक्याच मोठ्यानं घ्यायचं. नावाशिवाय मारलेला हात आमच्यात धरत नाहीत, आणि खोटं नाव पुकारलं तर काठी खाली ठेवून बाजूला व्हायचं.

सालेह पुढं गंगाखेडला जाऊन राहिला, तरी दरवर्षी दसऱ्यानंतर आमच्या घरी यायचा. अंगणात जोड व्हायचा. घरची स्वयंपाकघराच्या दारात बसून भाकरी थापत बघायची. मग अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाचं राज्य गेलं. तिकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. निजामाची माणसं म्हणून चाऊस लोकांना धरून नेलं असं कानावर आलं. सालेह जिवंत आहे का, असं एक कार्ड टाकायला मला दोन ओळी लागल्या असत्या. मी टाकलं नाही. भ्यालो, दुसरं काय. ती रोज म्हणायची, "पत्र टाका." मी म्हणायचो, "उद्या."

त्या साली दसरा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी मी अंगणात एकटाच माझी बाजू करत होतो, समोर कोणी नाही, हवेतली काठी अडवत होतो. ती चुलीपुढची फुंकणी घेऊन बाहेर आली आणि समोर उभी राहिली.

"मी देते. तुम्ही घ्या."

"तुला काय येतंय?"

"वीस वर्षं बघतीये. भाकरी करपू न देता."

आणि तिनं बावीसच्या बावीस हात दिले. नावं पुकारली नाहीत, नुसते आकडे. मला शपथ आठवली. तरी मी घेत राहिलो. आठ वर्षांच्या वर रोज सकाळी फुंकणी आणि काठी. हे मी कोणाला बोललो नव्हतो. पत्र आलं तेव्हा आधी आठवलं ते हेच. सालेहपुढं उभं राहायचं, सात महिने न धरलेली काठी धरायची, आणि मोडलेली शपथ गिळून.

गंगाखेड

बार्शीहून लातूरपर्यंत छोटी गाडी, तिथून मोटारीनं परळी, परळीहून परत गाडी. रस्त्यात सांगण्यासारखं एकच. डब्यात एक बाई माझ्या काठ्यांच्या पडशीवर झोपली आणि गंगाखेड आलं तरी उठेना. मी पडशी ओढली, ती ओरडली, डबा तिच्या बाजूनं झाला. उतरताना एक पायताण आतच राहिलं. वस्ताद म्हणून गेलो आणि फलाटावर एका पायानं अनवाणी उभा राहिलो.

सालेह समोरच होता. दाढी पांढरी, पोट पुढं. दहा वर्षांनी तोंड बघितलं. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं.

"काय रे भानू, अर्धंच सामान आणलंस?"

"तुझं मात्र सगळं आलंय. पोटावर."

त्यानं मला छातीशी धरलं आणि सोडेना. त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर थरथरत होता, पाखरू धरल्यासारखा.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे. तिथले लोक गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. पाणी भरायला निघालेली बाईसुद्धा गंगेला जाते. आमच्याकडं नदी म्हणजे पावसाळ्यातले चार दिवस. इथं पौषातसुद्धा पाणी वाहत होतं आणि वाळू इतकी की आमचा अख्खा तालुका तालीम करायला पुरेल.

सालेहचं घर मातीचं, वर धाबं. अंगणात लिंबाखाली तालीम. त्याची बायको सकीना वहिनी दाराच्या आतून बोलल्या. "भाईजान, भाभी गये, मेरेकू दो महिने बाद मालूम हुआ. दो रोज खाना नै बनाया मैं." मी म्हटलं, "वहिनी, मीच कोणाला कळवलं नाही." मग गहवा आला. कॉफीसारखा, सुंठ घातलेला, दूध नाही. इवल्या वाटीत देतात, आणि वाटी हलवून दाखवेपर्यंत भरत राहतात. हे मला कोणी सांगितलं नाही. मी आठ वाट्या प्यालो. नवव्याला सालेह म्हणाला, "हलव की. मरशील."

तो स्वतः वाटी दोन्ही हातांनी धरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, आता जोड काढील. मी अंग चोरून बसलो. तो म्हणाला, "आज न्हाई. पाहुणे येऊ देत." मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी आपणहून म्हटलं, "गुडघा आखडलाय." त्यालाही बरं वाटल्याचं मला दिसलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

पाहुणे म्हणजे वस्ताद लोक. संक्रांतीनंतर दरवर्षी ते सालेहकडं जमतात आणि गंगेच्या वाळवंटात आपापली विद्या मांडतात. नांदेडचे एक सरदारजी गतक्याच्या काठ्या आणि ढाली घेऊन आले. आणि देवगाव फाट्याहून मारोती मास्तर आले. ह्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो.

मारोती मास्तर तरणेपणी रंगूनला गोदीत हमाल होते. तिथं एका जपानी न्हाव्यानं त्यांना नुसत्या हाताची विद्या दिली. काठी नाही, हत्यार नाही. मूठ, कोपर, पाय. लढाईत बाँब पडले तेव्हा रानातून चालत देशाला आले, आणि पंधरा वर्षं फाट्यावर शेतकऱ्यांच्या मुलांना तीच विद्या शिकवतात. सुरू करण्याआधी कमरेतून वाकून नमस्कार करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ह्यांचं काहीतरी खाली पडलं. मी शोधायलाही लागलो. मग त्यांनी भाजलेली वीट दोन दगडांवर ठेवून तळहाताच्या कडेनं फोडली. शिकवून झालं की चेल्यांच्या मानेवरून हात फिरवतात, केस किती वाढले ते बघायला. गुरू न्हावी होता, ती सवय बरोबर आली.

मी विचारलं, "तुमच्या विद्येतला दुसरा कोणी आहे का इकडं?"

"न्हाई. मी एकलाच," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली, माझं चुकलं म्हणून सांगणारं कोणी न्हाई. काही गोष्टी न्हाव्यानं शिकवल्या का मीच केल्या, ते बी आता कळंना. तुमी दोघं नशीबवान हाव. एक चुकला की दुसऱ्याला कळतंय."

सालेहनं आणि मी एकमेकाकडं बघितलं नाही.

सोनपेठ

चौथ्या दिवशी सोनपेठचा बाजार होता. जोड ज्या दोघांना द्यायचा त्यातला एक सालेहचा जावई अवद, तो घरातच होता. दुसरा नागनाथ लोहार, सोनपेठचा. त्याला आणायला आणि माझ्यासाठी पायताण घ्यायला आम्ही बैलगाडीनं गेलो.

नागनाथ पस्तिशीचा, काळाभोर, बोलायला तिखट. भात्यापाशी बसून काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवत होता. मला बघून उठला, उजवा हात मातीला लावून छातीला लावला. आमच्याकडं पाया पडतात. इथं वस्तादाच्या पायाला हात लावत नाहीत, त्याच्यासमोरच्या मातीला लावतात. मला ही रीत आवडली. तसंही माझ्या एकाच पायात पायताण होतं.

"ह्ये बार्शीवाले व्हय," नागनाथ सालेहला म्हणाला. "मला वाटलं, तुमी खोटंच सांगायलाव. नऊ वर्षं नुसतं नाव ऐकायलोय. माणूस न्हाई, कार्ड न्हाई."

"आता आलाय न्हवं," सालेह म्हणाला.

"आले की. बाप मरायच्या आधी म्हणायचा, ह्या चाऊसासाठी आमी गावानं जाऊन शब्द दिला, तवा ह्यो सहा महिन्यांनी तुरुंगातनं सुटला. आन ज्याचा भाऊ म्हणून सांगतोय, त्यो कुठं हाय."

तोंडावर बोलला. मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. मी म्हटलं, "भ्यालो होतो."

नागनाथनं शेंबीवर दोन ठोके घातले. "बरं," म्हणाला. "खरं बोललाव. आता पायताण घेऊ."

परत येताना नागनाथच्या मेव्हण्याच्या रानात गाडी सोडली. ज्वारी हुरड्यात आली होती. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून दाणे पुढं करायचे. बरोबर लसणाची चटणी, दही, गूळ. आमच्याकडंही हुरडा करतात, पण वस्ताद आधी खातो. इथं वस्ताद चोळतो आणि चेले आधी खातात. सालेहनं कणीस हातात घेतलं. त्याला चोळता येईना, दाणे सगळे सांडले. नागनाथ त्याच्या हातातून कणीस घेऊन चोळू लागला आणि दाणे परत सालेहच्याच हातावर ठेवले, म्हणजे देणारा तोच दिसावा. बोलायला तिखट असला तरी जोड ह्याला द्यायला हरकत नाही, असं मला तिथं वाटलं.

फुंकर मारताना मला घरची आठवण झाली. तिला हुरडा चोळताना डावा हात वर लागायचा. खायलासुद्धा डावाच पुढं यायचा, सासू मारायची. मी तो विचार तिथंच टाकून दिला. टाकायला नको होता.

वाळवंट

पाचव्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर सगळे गंगेच्या वाळवंटात गेलो. गाव जमलं होतं. सकीना वहिनी आणि शेजारच्या बायका सवारीच्या गाडीत पडदा लावून बसल्या. सरदारजींचा खेळ झाला. मारोती मास्तरांनी दोन विटा फोडल्या, तिसरी फुटली नाही. ते म्हणाले, "वीट चांगली हाय." लोक हसले, तेही हसले.

मग सालेह उठला आणि मी उठलो.

काठी हातात धरली तेव्हा मला वाटलं होतं तसं झालं नाही. विसरलो नव्हतो. मनगटाला सगळं ठाऊक होतं. पहिला सय्यदचा. दुसरा. तिसरा. हे तिन्ही सरळ डोक्यावर येतात, तिन्ही घेतले. "चौथा, तेल्याचा," सालेहनं पुकारलं, माझी काठी उजव्या कानावर गेली, आणि त्याची काठी माझ्या डाव्या कानावर बसली.

"घेणं विसरलास काय?"

"परत कर."

परत केला. परत डाव्याच कानावर. कान वांग्यासारखा सुजला. मागून कोणीतरी हसलं, नागनाथनं वळून बघितल्यावर थांबलं. सालेहचा हात कापत होता, पण तोंड रागानं लाल. "उस्तादांनी ह्यासाठी दिलं होतं व्हय तुला?"

मला खरंच कळेना. आठ वर्षं चौथ्याला काठी उजव्या कानावर नेली आणि दर वेळी तिथंच फुंकणी अडली.

मारोती मास्तर पुढं आले. वाकून नमस्कार केला, मग बोलले. "वस्ताद, राग नका धरू. मी काठी बघत न्हाई, खांदा बघतो. चाऊस उजव्या हातानं मारायलेत. तुमची नजर त्यांच्या डाव्या खांद्यावर हाय. तुमच्यासंगं जो कोणी खेळलाय, त्यो डावरा हाय."

मी वाळूत उभा राहिलो. इतकं लख्ख होतं आणि मला साठी उलटल्यावर एका रंगूनच्या हमालानं सांगायला लागलं. रोज सकाळी मी तिच्यासमोर उभा राहत होतो आणि ती फुंकणी कुठल्या हातात धरते हे कधी मनावर घेतलं नाही. तिच्या हाताप्रमाणं माझी सगळी बाजू फिरली.

"कोण?" सालेह म्हणाला. "कुणाला दाखवलास?"

"घरची," मी म्हटलं. "तिला मी दाखवलं नाही. तिनं दारातून बघून उचललं. तुझी बाजू. तू येईनास, मग तीच समोर उभी राहायची. मी नको म्हटलं नाही. शपथ मोडली ती मी, तिनं नाही."

सालेहनं काठी वाळूत ठेवली. आमच्यात काठी खाली ठेवली म्हणजे संपलं. तो वळला आणि पाण्याकडं चालत गेला. अवद मागं निघाला, त्याला त्यानं हातानं थांबवलं. पाण्याशी बसून तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मला वाटलं, आता जोडही गेला आणि भाऊही गेला, आणि दोन्ही माझ्या हातानं. मी पडशी आवरायला लागलो.

तो ओल्या दाढीनं परत आला.

"भाभीला किती हात यायचे?"

"बावीस."

"सगळे?"

"सगळे."

"सतरावा बी?"

"सतरावा बी."

तो वाळूत बसला. आवाज खाली आणला, पण बाजूला नागनाथ होता, अवद होता, त्यांनीही ऐकलं. "मला सतरावा येत न्हाई, भानू. आत होतो तवा सहा महिने हातात काठी न्हाई, नखाएवढी काडी न्हाई. मनात करायचो रोज. एक दिवस सोळाव्यानंतर एकदम अठराच आला. मधलं गेलं. बाहेर येऊन लय डोकं फोडलं. नाव ध्यानात हाय, किल्लेदाराचा. हात न्हाई. पाच दिवस तुला टाळायलोय."

"मीच तुला टाळत होतो," मी म्हटलं.

"दोन गाढवं," सालेह म्हणाला. उठला, आणि काठी डाव्या हातात घेतली.

त्याचा डावा हात कापत नव्हता. हे त्यालाही ठाऊक नसावं, कारण तो काठीकडं बघत राहिला. पहिल्यापासून सुरू केलं. हळू केलं, थांबून थांबून, त्याला प्रत्येक हात मनात उलटा करून घ्यावा लागत होता. पण चौथा उजव्या कानाशी आला आणि माझी काठी तिथं होती. लाकडावर लाकूड वाजलं. भिस्त्याचा खालून आला, तो घेतला. सोळापर्यंत एकही चुकला नाही.

सोळाव्यानंतर आम्ही जागा बदलल्या. मी तिच्या जागेवर गेलो. मी कधी मारायच्या बाजूला उभा राहिलो नव्हतो, पण ती कशी उभी राहायची ते डोळ्यासमोर होतं. डावा पाय पुढं, पदर खोचलेला. काठी डाव्या हातात घेतली. तिचं कोपर बरगडीला चिकटलेलं असायचं. बांगड्या फुटू नयेत म्हणून. कोपर न सोडता नुसतं मनगट वळवून फुंकणी गळ्याच्या हाडावर यायची, इतकी जवळून की मला दर वेळी उशीर व्हायचा. मी तसाच सतरावा दिला. काठी सालेहच्या गळ्याशी थांबवली.

तो हलला नाही. मग म्हणाला, "ह्यो किल्लेदाराचा न्हवं."

"तिनं असाच दिला."

"किल्लेदाराचा मोठा होता. खांद्यातनं फिरून यायचा, तेवढं मला ध्यानात हाय. त्यो गेला, भानू. त्यो दोघांपाशी न्हाई." त्यानं माझी काठी बोटानं गळ्यापासून बाजूला केली. "पण ह्यो चुकवता येत न्हाई. परत दे."

परत दिला. तिसऱ्यांदा दिला. तिन्ही वेळा त्याला घेता आला नाही. नागनाथनं करून बघितलं, त्यालाही नाही. मारोती मास्तर कोपर बरगडीला लावून आपलं आपलंच मनगट वळवून बघत होते.

"ह्योच ठेवायचा," सालेह म्हणाला. "पुकार."

मी काठी उजव्या हातात घेतली.

"पुकार की. किल्लेदाराचं नाव आता घेता येत न्हाई, खोटं व्हईल. ज्यानं बसवला त्याचं घे."

आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा घ्यायला लावलं तेवढंच. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं "अगं", "ऐकलं का", आणि लोकांत "घरची". दवाखान्यात नाव विचारलं तर भाऊ सांगायचा. ती गेल्यावर दहाव्याला भटजींनी विचारलं, तेव्हाही भावानंच सांगितलं. आणि तिला स्वतःला ते नाव आवडायचं नाही. दगडाचं नाव ठेवलं म्हणायची, आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून.

सवारीच्या गाडीतून सकीना वहिनींचा आवाज आला. "नाम बोलो ना, भाईजान. अब किससे शरमाते?"

मी काठी डाव्या हातात घेतली, कोपर बरगडीला लावलं.

"सतरावा," मी म्हटलं. "धोंडाबाईचा."

आवाज फाटला. पण नदीवर आवाज लांब जातो. पलीकडच्या काठावर धुणं धूत होत्या त्या बायकांनी मान वर करून बघितलं.

परत

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी आम्ही नागनाथला आणि अवदला जोड दिला. नागनाथला मारायची बाजू, अवदला घ्यायची. डाव्या हातानंच दिला. नागनाथ भडकला, "उजव्यानं का न्हाई?" म्हणून. सालेह म्हणाला, "आता ह्यो असाच हाय," आणि विषय मिटवला. शपथ मात्र घातली नाही. सालेह म्हणाला, "बायकांनी बघू दे. ध्यानात ठेवायला कुणी तरी पाहिजे." मारोती मास्तरांनी सतरावा हात मागून घेतला, बिनकाठीचा. म्हणाले, फाट्यावर मी नाव पुकारूनच शिकवीन. आमच्या रीतीत ते बसतं का, माहीत नाही. आम्ही दोघांनी हो म्हटलं.

गाडीवर सगळे आले. वहिनींनी ज्वारीचं पीठ, चटणी आणि गहव्याची पुडी बांधून दिली. सालेहनं खिडकीतून माझा सुजलेला कान ओढला. "कार्ड टाक," म्हणाला. मी म्हटलं, "उद्या." मग म्हटलं, "परळीला उतरलो की टाकतो." आणि टाकलं. दोनच ओळी लागल्या.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. फुंकणी चुलीमागंच होती, सात महिने कोणी हलवली नव्हती, तोंडाशी जाळं झालेलं. पुसली. अंगणात आलो, डाव्या हातात धरली, आणि पहिल्यापासून पुकारत सुरू केलं. सतराव्याला चांगला मोठा आवाज लागला.

शेजारची म्हातारी धावत दारात आली. "काय झालं वो? तिला का हाका मारताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तालीम चाललीय."